जमिनीत धातू वाजला म्हणजे धन सापडले नव्हे

रब्बीची काढणी आटोपली, शिवार मोकळे झाले की काही गावांत एक वेगळीच मशागत सुरू होते. ही मशागत दिवसा होत नाही. अमावस्येच्या आसपास, गाव झोपल्यावर, पडक्या गढीत, माळावरच्या महादेवामागे, जुन्या बारवेच्या काठाला बॅटऱ्या चमकतात. सकाळी गुरे घेऊन गेलेल्या पोराला तिथे कमरेएवढा खड्डा, कापलेली लिंबे, हळद-कुंकू आणि उलथून टाकलेला वीरगळाचा दगड दिसतो. गाव काय ते समजून जाते. कुणीतरी गुप्तधन काढायला आले होते!

पूर्वी अशा टोळीबरोबर एखादा बाबा असे. आता बाबाच्या जोडीला यंत्र आले आहे. काठीला थाळीसारखी चकती, कानाला हेडफोन आणि धातू आला की 'टूंऽऽ' असा आवाज. या यंत्राला मेटल डिटेक्टर म्हणतात. बाबावर विश्वास न ठेवणारा शिकलेला तरुणही या यंत्रापुढे भुलतो. "हे काही थोतांड नाही साहेब, मशीन आहे, सायन्स आहे," असे तो आपल्यालाच सांगतो. तेव्हा शेतकरी बंधूंनो, आज या सायन्सचाच थोडा हिशेब करू.

यंत्राला काय कळते?

चकतीत तांब्याच्या तारेचे वेटोळे असते. त्यातून सतत दिशा बदलणारी वीज जाते आणि खालच्या मातीत चुंबकीय क्षेत्र तयार होते. त्या टप्प्यात धातू असला तर त्यात बारीक भोवरे फिरावेत तशी वीज फिरते. तिचा परिणाम उलट चकतीवर होतो आणि आवाज येतो. बस्स, यंत्राचे काम एवढेच. धातू आहे, इतके ते सांगते. तो सोन्याचा हंडा आहे की मोडक्या नांगराचा फाळ, हे खोदल्यावरच कळते. महाग यंत्रे धातूचा अंदाज आकड्यात दाखवतात, पण सोन्याची अंगठी आणि ॲल्युमिनियमचा तुकडा यांचे आकडे सहज एकमेकांत मिसळतात.

आता खोलीचे बघा. एक सुटे नाणे साधारण वीतभर, फार तर दीड वीत खोलीपर्यंत कळते. मोठे भांडे असेल तर हात-दोन हात. "वीस फुटांवर सात हंडे दिसताहेत" असे हातातल्या यंत्राच्या नावाने कुणी सांगत असेल, तर तो यंत्र विकतो आहे किंवा तुम्हाला विकतो आहे.

आपल्या जमिनीची गोष्ट आणखी निराळी. आपली काळी माती बेसाल्ट खडकाची, म्हणजे काळ्या पाषाणाची झालेली. त्यात लोहयुक्त चुंबकी खनिजाचे कण असतात. कोकणातल्या जांभ्यातही लोह भरपूर. अशा जमिनीवर साधे यंत्र धातू नसतानाही ओरडते, नाही तर गोंधळून गप्प बसते. त्यात पिढ्यान् पिढ्या वाहिलेल्या रानात बैलांच्या पत्र्या, खिळे, कोळप्याच्या पासा, तारेचे तुकडे आणि अलीकडे बाटल्यांची बुचे. रात्रभर खोदून सकाळी पदरात पडते ते हेच भंगार.

दुसरा एक प्रकार याहून वाईट. त्यात वेटोळे नाही की वीज नाही. नुसती मूठ आणि पुढे अँटेनासारखी दांडी असते, आणि ती म्हणे अर्धा किलोमीटरवरचे सोने दाखवते. अशीच दांडीची खोटी यंत्रे एका ब्रिटिश माणसाने बॉम्ब शोधणारी म्हणून इराकला विकली होती. त्यांच्या भरवशावर तपासणी नाकी चालत होती. २०१३ साली लंडनच्या न्यायालयाने त्याला दहा वर्षांची शिक्षा दिली. फसवणाऱ्याला पुढे काय होते हा त्याचा प्रश्न, पण फसलेल्याचे जे गेले ते परत येत नाही.

सरकारी पातळीवरही असा फज्जा झाला आहे. २०१३ च्या ऑक्टोबरात उत्तर प्रदेशातील उन्नाव जिल्ह्यात डौंडियाखेडा गावी, किल्ल्याखाली एक हजार टन सोने आहे असे एका साधूच्या स्वप्नात आले. पुरातत्त्व खात्याने उत्खनन केले, देशभरचे कॅमेरे तिथे जमले. निघाले काय? खापरे, विटांच्या भिंती आणि अशाच जुन्या वस्तू. सोन्याचा कणही नाही. एवढा सरंजाम असून ही गत, तर भाड्याच्या यंत्रावर आपला काय निभाव लागणार?

याचा अर्थ यंत्र टाकाऊ आहे असे नव्हे. जमिनीत बुजलेला लोखंडी पाइप शोधायला ते कामाचे आहे. वैरणीबरोबर तार-खिळा गिळलेल्या जनावराच्या तपासणीतही डॉक्टर अशा यंत्राची मदत घेऊ शकतात. इंग्लंडातली एक खरी हकीकत याच कारणाने सांगण्यासारखी आहे. १९९२ साली हॉक्सन गावच्या एका शेतकऱ्याचा हातोडा रानात हरवला. तो शोधून द्यायला त्याने मेटल डिटेक्टरवाल्या मित्राला बोलावले. शोधता शोधता रोमन काळातली सोन्या-चांदीची नाणी लागली. त्या माणसाने सगळे उकरून घरी नेले नाही. थोडे निघताच थांबला आणि कळवले. तज्ज्ञांनी येऊन रीतसर खोदले, तेव्हा सुमारे १५ हजार नाणी, दागिने आणि चमचे मिळाले. त्याला साडेसतरा लाख पौंड बक्षीस मिळाले आणि त्याने ते शेतकऱ्याबरोबर वाटून घेतले. हातोडाही सापडला, तोही आज ब्रिटिश म्युझियमच्या संग्रही आहे.

"ते इंग्लंड झाले. आपल्याकडे कळवले की सरकार सगळे घेऊन जाते आणि वर पोलिसांचा ससेमिरा." हे वाक्य गावोगाव ऐकू येते. लोक वस्तू लपवतात, सोनाराकडे वितळवतात, ते याच समजुतीने. म्हणून कायदा नीट समजून घ्या.

कायदा काय सांगतो?

भारतीय निखात निधी अधिनियम हा १८७८ चा कायदा आजही लागू आहे. जमिनीत दडलेली कोणतीही मौल्यवान वस्तू म्हणजे निखात निधी. दहा रुपयांहून जास्त किमतीचे काही सापडले, तर सापडणाऱ्याने शक्य तितक्या लवकर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवायचे. काय सापडले, अंदाजे किंमत किती, कुठे आणि कोणत्या तारखेला, एवढे लिहायचे. वस्तू जवळच्या सरकारी कोषागारात जमा करायची किंवा मागतील तेव्हा हजर करण्याची हमी द्यायची. मग जाहीर सूचना निघते आणि हक्क सांगणाऱ्यांना बोलावले जाते. ती तारीख सूचनेपासून चार महिन्यांनंतरची व सहा महिन्यांच्या आतली असते. गेल्या शंभर वर्षांत अमक्या माणसाने हे पुरले, असा दावा कुणी केला तर त्याला दिवाणी न्यायालयात जाण्याची मुदत मिळते.

निधी बेवारस ठरला आणि सापडणारा व जागेचा मालक यांच्यात वेगळा करार नसेल, तर तीन हिस्से सापडणाऱ्याला आणि चौथा हिस्सा जागामालकाला. होय, कायद्यात असेच लिहिले आहे! सरकारला वस्तू ठेवून घ्यायची असेल तर धातूची किंमत आणि वर तिचा एक पंचमांश इतकी रक्कम द्यावी लागते. उलट, लपवली तर आपला हिस्सा सरकारजमा आणि वर एक वर्षापर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही. लपवण्याला साथ देणारा जागामालकही शिक्षेतून सुटत नाही. थोडक्यात, कळवणाऱ्याला वाटा आहे आणि लपवणाऱ्याला बेडी. तेलही गेले, तूपही गेले, हाती धुपाटणे आले, अशी गत कशाला करून घ्यायची?

मात्र हे कुणासाठी? नांगरताना, विहीर खणताना, जुने घर पाडताना ज्याला अवचित सापडते त्याच्यासाठी. संरक्षित किल्ला, लेणे, मंदिर यांच्या आवारात विनापरवाना खोदणे हा वेगळा गुन्हा आहे. केंद्र संरक्षित स्मारकाची नासधूस केली तर दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. शंभर वर्षांहून जुन्या वस्तूंचा व्यापार १९७२ च्या कायद्याने परवान्याशिवाय करता येत नाही. तेव्हा "मूर्ती असेल तर फोटो पाठवा, मुंबईचा गिऱ्हाईक तयार आहे" म्हणणारा माणूस तुम्हाला भागीदार करत नाही, सहआरोपी करतो आहे.

आता जिवाचा प्रश्न. गुप्तधनाच्या नादाने आपल्या राज्यात रक्त सांडले आहे. १९७२ ते १९७४ या काळात परभणी जिल्ह्यातील मानवतला बायका-मुलींच्या खुनांचे सत्र झाले. त्यामागे गुप्तधनाची हाव असल्याचा आरोप खटल्यात होता. २०२२ साली मिरज तालुक्यातील म्हैसाळला एकाच कुटुंबातील नऊ जण मृत आढळले. आधी ती कर्जापायी आत्महत्या वाटली. पुढे गुप्तधनाचे आमिष दाखवणाऱ्या मांत्रिकाने विष दिल्याचा आरोप पोलिसांनी ठेवला. 'पायाळू' म्हणून जन्मलेल्या पोराला धन दिसते, ही समजूत नुसती खुळी नाही. ती त्या पोराच्या जिवावर उठणारी आहे. २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यात अशा अघोरी कृत्यांना सहा महिने ते सात वर्षे कैद आणि पाच ते पन्नास हजार रुपये दंड आहे.

मुक्या जिवांचेही हाल आहेत. धन दाखवतो म्हणून मांडूळ पकडतात, खवले मांजर मारतात. दोन्ही वन्यजीव कायद्याने संरक्षित आहेत. मांडूळ उंदीर खाते, खवले मांजर मुंग्या आणि वाळवी खाते. फुकट राबणारे हे गडी आपण चोराच्या हवाली करतो आणि मग उंदराचे औषध विकत आणतो.

खरे धन कुणाला सापडले?

आपल्या मातीत काहीच नाही असे नव्हे. १९७४ साली आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यात, प्रवरेकाठच्या दायमाबादला एक शेतकरी झाडाची मुळे खणत होता. त्याला काशाची चार शिल्पे लागली. बैल जोडलेला रथ आणि तो हाकणारा माणूस, हत्ती, गेंडा आणि रेडा. सारे मिळून वजन साठ किलोहून अधिक. मोडीत घातली असती तर चार दिवसांचा खर्च भागला असता. आज त्यांच्यामुळे दायमाबादचे नाव जगातल्या अभ्यासकांना ठाऊक आहे. नाशिक जिल्ह्यात जोगळटेंभीला १९०६ साली चांदीची तेरा हजारांहून अधिक नाणी मिळाली. ती क्षत्रप राजा नहपानाची होती, आणि त्यांतल्या नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला छाप पुन्हा मारलेला होता. जिंकलेला राजा हरलेल्याचे नाणे कसे मोडतो, हे त्या चांदीवर उमटून राहिले. सोनाराच्या मुशीत गेली असती तर उरली असती नुसती चांदी.

धाराशिव जिल्ह्यातील तेर गाव पाहा. तिथल्या रामलिंगप्पा लामतुरे यांनी गावच्या पांढरीत मिळणाऱ्या जुन्या वस्तू जपून ठेवल्या. आज त्यांच्या नावाचे शासकीय वस्तुसंग्रहालय तेरला उभे आहे. गावाच्या पांढरीला आपण राख-शेणाची सुपीक माती म्हणून ओळखतो आणि गाड्या भरून रानात टाकतो. पण ती जुन्या वस्तीची जागा आहे. खापरे, मणी, हाडे ज्या थरात पडली आहेत, त्या थरावरून त्यांचे वय कळते. रात्रीच्या एका खड्ड्याने हे सारे थर एक होतात. मग वस्तू हाती आली तरी तिची गोष्ट गेलेली असते.

गावाने काय करावे?

खणताना धातूचे भांडे, नाणी, मूर्ती किंवा कोरीव दगड लागला तर काम तिथेच थांबवा. वस्तू घासू-पुसू नका, वाटून घेऊ नका. फोटो काढा, पोलीस पाटील आणि तलाठी, म्हणजे आताचे ग्राम महसूल अधिकारी, यांना बोलवा, पंचांसमोर पंचनामा करून घ्या. जिल्हाधिकाऱ्यांच्या नावे अर्ज द्या आणि अर्जाची पोच जरूर घ्या. वाट्याचा हक्क पुढे त्या पोचेवरच सांगता येतो.

सरपंच, ग्रामसेवक आणि पोलीस पाटील यांनाही एक विनंती. गावातल्या गढी, बारव, वीरगळ, पडकी देवळे यांची यादी ग्रामसभेत करा आणि प्रत्येकाचा फोटो दप्तरी ठेवा. दगड हलला तर काय हलले, हे तरी सांगता येईल. रात्री अनोळखी गाडी आणि यंत्र दिसले तर "आपल्याला काय त्याचे" म्हणू नका, ११२ नंबर फिरवा. आणि कुणी "हंडा सापडलाय, स्वस्तात देतो" किंवा "तांदूळ ओढणारे तांब्याचे भांडे आहे, कोटीत विकू" असे सांगत आला, तर त्याला बसवून ठेवा आणि पोलिसांना बोलवा.

शेवटी एक हिशेब तुमचा तुम्हीच मांडा. यंत्राचे भाडे, बाबाची दक्षिणा, पूजेचे साहित्य, जेसीबीचे तास. एवढा पैसा घालायचा आणि जमिनीला विचारायचे, "सोने आहे का?" त्यातला थोडा पैसा घालून माती परीक्षणाला द्या आणि तिला विचारा, "तुला काय कमी आहे?" या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर कागदावर लेखी मिळते आणि त्यासाठी अमावस्येची वाट पाहावी लागत नाही.