एक्सप्लेनर : समलिंगी विवाहाचा प्रश्न भाडेपावतीपर्यंत कसा पोहोचतो?

शिवडीतल्या एखाद्या पागडीच्या चाळीत दोन पुरुष २० वर्षे एकत्र राहतात, असे समजा. भाडेपावती एकाच्या नावावर आहे. उद्या तो गेला, तर दुसऱ्याने कुठे जायचे? समलिंगी विवाहाची चर्चा बहुतेकदा मंडप आणि विधींवर अडते. खरी अडचण या पावतीची आहे.

कायदा काय सांगतो?
महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ नुसार भाडेकरूच्या मृत्यूनंतर त्याच्यासोबत राहणारा कुटुंबीय भाडेकरू ठरतो. तसा कोणी नसेल, तर वारस. पत्नीकडे लग्नाचा दाखला असतो. समलिंगी जोडीदार मात्र कागदोपत्री परकाच.

मग मृत्युपत्र करावे?
मालकीच्या घरासाठी त्याचा उपयोग होतो. भाडेहक्क मात्र मृत्युपत्राने देता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९४ मध्ये, जुन्या १९४७ च्या मुंबई भाडे कायद्याखालील खटल्यात स्पष्ट केले. म्हणजे गावाकडचा पुतण्या हक्क सांगू शकतो. आजारपणात उशाशी बसलेला जोडीदार नाही.

न्यायालयाची भूमिका काय?
१७ ऑक्टोबर २०२३ रोजी पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने विवाह हा मूलभूत हक्क नसल्याचे सांगत विषय संसदेकडे सोपवला. जानेवारी २०२५ मध्ये फेरविचार याचिकाही फेटाळल्या गेल्या. मधल्या काळात, २०२४ मध्ये, केंद्राने अशा जोडप्यांचे संयुक्त बँक खाते आणि एकत्र रेशनकार्ड यांना हरकत नसल्याचे कळवले. रेशनकार्डावर एक कुटुंब, भाडेपावतीवर परके, असा हा पेच आहे.

लग्नाची व्याख्या बदलता येते?
महाराष्ट्राने ती बदलली आहे. १८७३ मध्ये महात्मा फुले यांच्या सत्यशोधक समाजाने भटजीविना लग्न लावले. १९५४ च्या विशेष विवाह कायद्याने धर्म न बदलता आंतरधर्मीय लग्नाची नोंदणी शक्य केली. लग्नसंस्था टिकून आहे. याचिकाकर्त्यांची मुख्य मागणीही याच कायद्याखालील नोंदणीची होती. त्यातून कोणत्याही धर्मगुरूवर लग्न लावण्याची सक्ती येत नाही.

पुढे काय व्हावे?
दोन परक्या माणसांना एकमेकांचे नातेवाईक करणे, हे लग्नाचे कायद्यातले काम. ते नाते समलिंगी जोडप्यांना नाकारण्याचे सबळ कारण दिसत नाही. संसदेने विवाह कायदा बदलायला हवाच. पण भाडे कायदा राज्याचा आहे. ‘सोबत राहणारा जोडीदार’ एवढे शब्द त्यात घालायला विधिमंडळाने दिल्लीची वाट पाहण्याची गरज नाही.