जुन्या निकालांची एक्सेल शीट पाहून लॉटरीचा आकडा लागतो का?

अमेरिकेतल्या पॉवरबॉल लॉटरीचे जुने निकाल इंटरनेटवर सहज मिळतात. अनेक जण ते एक्सेलमध्ये भरतात. कोणता आकडा किती वेळा आला हे मोजून सारखे येणारे 'हॉट' किंवा बरेच दिवस न आलेले 'कोल्ड' आकडे निवडतात.

पण इथे एक मेख आहे. ऑक्टोबर २०१५मध्ये पॉवरबॉलचे पांढरे चेंडू ५९ वरून ६९ झाले. आधीचे आणि नंतरचे निकाल एकत्र मोजले, तर ६० ते ६९ हे आकडे 'कोल्ड' दिसतात. प्रत्यक्षात आधी ते खेळातच नव्हते.

फक्त नंतरचे निकाल घेतले, तरी काही आकडे जास्त वेळा आलेले दिसतातच. तो योगायोग असतो. चेंडूंना मागची सोडत आठवत नाही. त्यामुळे कोणतेही आकडे निवडले, तरी जॅकपॉट लागण्याची शक्यता सुमारे २९ कोटी २२ लाखांत एक, एवढीच राहते.

मग एक्सेलचा उपयोग काय? एका रकान्यात तिकिटांचा खर्च आणि दुसऱ्यात मिळालेलं बक्षीस लिहायचं. वर्षाअखेरीची बेरीज आकड्यांच्या कोणत्याही तक्त्यापेक्षा जास्त सांगून जाते.