घरकामाने पुरुष लहान होत नाही



स्त्रीवादामुळे पुरुषाचा घरातला मान गेला, त्याला ‘बायकी कामं’ करावी लागतात, हे गेल्या अंकातलं पत्र वाचून वाईट वाटलं. २०१९ च्या सरकारी वेळ-वापर सर्वेक्षणात बिनपगारी घरकाम करणारे पुरुष जेमतेम २६ टक्के होते, बायका ८१ टक्के. करणाऱ्या बाईची दिवसाला २९९ मिनिटं त्यात जात होती, पुरुषाची ९७.

जुन्या मर्दानगीने पुरुषालाच पंगू केलं, हे मी घरात पाहिलंय. सासूबाई गेल्या तेव्हा चहाची पूड कुठल्या डब्यात असते, हे मामंजींना ठाऊक नव्हतं. भूक लागली तरी कुणी वाढेपर्यंत ताटकळत बसायचे, मागायचाही संकोच. माझा मुलगा कुकर लावतो, तान्ह्या लेकीला पायावर घेऊन न्हाऊ घालतो. रात्री ती त्याच्याच खांद्यावर शांत होते. मामंजींच्या पिढीतल्या किती बापांना हे सुख मिळालं?

बाईची बाजू घेण्यानेही पुरुष लहान होत नाही. ताराबाई शिंद्यांच्या ‘स्त्रीपुरुष तुलना’ (१८८२) या पुस्तकावर टीकेची झोड उठली, तेव्हा जोतीराव फुले त्यांच्या पाठीशी उभे राहिले. जोतीरावांना कुणी दुबळं म्हणेल का?

नोकरीत पुरुषाचीही दमछाक होते, हे पत्रलेखकांचं म्हणणं मान्य. पण म्हणून सुनेने नोकरी सोडावी, हे साफ नामंजूर. त्यापेक्षा बापाच्या रजेचं बघा: केंद्र सरकारी कर्मचाऱ्याला पितृत्व रजा १५ दिवसांची. खासगी नोकरीतल्या बापाला कायद्याने तेवढीही नाही. त्या रजेची मागणी पत्रलेखकांनी करावी, मी खाली सही करीन.

— एक वाचक, सातारा