चाळीस दिवसांचे रोप
मेंडेलचे ३:१ हे गुणोत्तर मुले पाठ करतात, पण स्वतः मोजत नाहीत, कारण वाटाण्याची दुसरी पिढी हाती येईपर्यंत शाळेचे वर्ष सरते. अमेरिकेतील विस्कॉन्सिन विद्यापीठाचे वनस्पतिरोगतज्ज्ञ पॉल विल्यम्स यांनी सलगम-मोहरीच्या कुळातील ब्रासिका रापाची पिढ्यान्‌पिढ्या निवड करून घडवलेली शीघ्र रोपे ही अडचण दूर करतात: दोन आठवड्यांत फुले, सुमारे ४० दिवसांत नवे बी. संशोधनाला वेग यावा म्हणून केलेले हे काम वर्गात पोचले, हे मला फार मोलाचे वाटते. या रोपांत स्वपरागण होत नाही. म्हणून मुले वाळलेली मधमाशी काडीला चिकटवून एका रोपाचे पराग दुसऱ्यावर नेतात, आणि तिच्या अंगावरचे केस कशासाठी असतात हे डोळ्यांसमोर दिसते. शुद्ध जांभळ्या आणि हिरव्या खोडांचा संकर केला की पहिली पिढी जांभळी निघते, दुसरीत हिरवी खोडे परततात, तीही उगवल्यावर काही दिवसांतच ओळखू येतात. आक्षेप असा, की यासाठी अखंड उजेड लागतो आणि संगणकावर हेच क्षणात दाखवता येते. दिव्यांचा खर्च खरा आहे, एलईडीने तो बराच आटोक्यात आणला आहे. संगणकाचा मुद्दा मात्र मला पटत नाही: तिथे नियम आधीच भरलेला असतो. खऱ्या कुंड्यांत एका गटाला २:१ मिळू शकते, दुसऱ्याला ५:१. मग साऱ्या वर्गाची रोपे एकत्र मोजावी लागतात, आणि नमुना मोठा का हवा, हे मुले स्वतःच विचारू लागतात.