ताई, इथं एक सही कर

या आठवड्यात ओळखीच्या एका घरी तेराव्याला गेले होते. पंगत उठली न उठली तोच धाकट्या भावाने पिशवीतून कागद काढले. "ताई, इथं एक सही कर. तलाठ्याकडे वारसनोंदीला द्यायचंय." थोरलीने चष्मा लावून कागद वाचला म्हणून बरं. तो वारसनोंदीचा अर्ज नव्हताच, हक्कसोडपत्राचा मसुदा होता. माझा राग अजून उतरलेला नाही.

कायदा थोडक्यात सांगते. हिंदू पुरुष मृत्युपत्र न करता गेला, तर १९५६च्या उत्तराधिकार कायद्याप्रमाणे त्याच्या मिळकतीत मुलगे, मुली, पत्नी आणि आई यांचा सारखा हिस्सा असतो. वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला जन्मापासून हक्क आहे, हे २००५च्या दुरुस्तीने देशभर मान्य झालं. त्या वेळी वडील हयात नव्हते म्हणून तो हक्क जात नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने विनीता शर्मा खटल्यात ११ ऑगस्ट २०२० रोजी स्पष्ट केलं.

हे भावांना ठाऊक असतं, म्हणून तर सही लागते. आणि ती मागायची वेळही ठरलेली. बहिणी रडून थकलेल्या असतात, चार वडीलधारी माणसं बसलेली असतात, आणि नाही म्हणणारी तिथल्या तिथे वाईट ठरते. "तुझ्या लग्नात खर्च केला की," असं कुणीतरी म्हणतंच. हुंडा दिला म्हणून मुलीचा हिस्सा संपत नाही, असं मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने २०२३ मध्ये सांगितलं आहे. पण खरा धाक माहेर तुटण्याचा असतो. सही न केल्याने तुटणारं माहेर भावाने तोडलेलं असतं, बहिणीने नव्हे.

बहिणींबद्दल निदान आता बोललं तरी जातं. त्या घरात भिंतीला टेकून एक आजी बसल्या होत्या, गेलेल्या माणसाची आई. तिचा हिस्सा नातवाएवढाच, पण वाटणीच्या हिशेबात तिला कुणी धरलंच नव्हतं. मुलगा गेल्याचं दुःख तिचं, मग त्याच्या मिळकतीतला हिस्सा तिचा का नाही? आजीचं काय, असं मी विचारलं तेव्हा सगळे माझ्याकडे बघत राहिले.

आणि विधवा पत्नी? तिची सही तर मागावीही लागत नाही, अंगठा पुढे ओढला की झालं. "आई, तुला काय करायचंय जमीन?" दोन वर्षांनी तीच आई चार महिने थोरल्याकडे, चार महिने धाकट्याकडे अशी फिरते, आणि औषधाला पैसे मागताना तिचा आवाज खाली जातो. वारसाने आलेल्या हिश्श्याची ती पूर्ण मालक असते. ती तो विकू शकते, कसायला देऊ शकते, हवा त्याच्या नावे मृत्युपत्रही करू शकते. सातबाऱ्यावर नाव असलेल्या आईशी मुलं वेगळ्या आवाजात बोलतात, हे मी गावोगावी पाहिलंय.

अनेकजणी मला विचारतात, सही मागितली तर करायचं काय? वारसनोंदीत आपलं, आईचं आणि आजीचं नाव लागलंय ना, हे आधी पाहा. हक्कसोडपत्र दुय्यम निबंधकापुढे नोंदवावं लागतं. तिथं उभं राहूनही "माझी इच्छा नाही" म्हणता येतं. घरी पुढे केलेल्या कुठल्याच कागदावर वाचल्याशिवाय सही करू नका, कोऱ्या कागदावर तर मुळीच नको.

आणि भावांनो, आधी सगळ्यांची नावं लावा. बहिणीला स्वखुशीने हिस्सा सोडायचा असेल, तर वर्षश्राद्ध झाल्यावरही ती सोडेल.