दौत आणि धोटा

कुंभकोणमहून मयिलाडुतुरैच्या रस्त्याला लागलं, की सात-आठ किलोमीटरवर तिरुभुवनम् येतं. गाव छोटंसंच. तिसऱ्या कुलोत्तुंग चोळानं बांधलेलं कंपहरेश्वराचं थोरलं देऊळ, त्यात शरभेश्वराचं जागृत मानलं जाणारं स्थान आणि देवळाभोवतीच्या गल्ल्यांत रेशमी साड्यांची दुकानं. देवदर्शनाला आलेला माणूस साडी घेऊन जातो आणि साडीसाठी आलेला देवळात डोकावून येतो. मी दुसऱ्या प्रकारातली. भाचीच्या लग्नाचा बस्ता बांधायचा होता.

दुकानदारानं साडीची घडी मोडली, तशी ती हातपंख्यासारखी झुळझुळत उलगडली. इथल्या साडीची घडीच निराळी. तमिळमध्ये तिला 'विसिरी मडिप्पु' म्हणतात. विसिरी म्हणजे पंखा. २०१९ साली या साडीला भौगोलिक मानांकनही मिळालं. रंग सुरेख होता, किंमतही तशीच 'सुरेख' होती! मी मनातल्या मनात गुणाकार करत होते, तेवढ्यात दुकानदार आपल्या भावाकडे वळून काहीतरी बोलला आणि माझे कान टवकारले. तीन, चार, सात, आठ... हे आकडे तमिळ नव्हेत!

माझ्याबरोबर कुंभकोणमच्या एक मामी होत्या. तंजावरी मराठी. आडनाव नाही, नवऱ्याच्या नावापुढं नुसतं 'राव'. घरात मराठी बोलतात, हिशेब तमिळमध्ये करतात आणि देवाला दोन्ही भाषांत हाक मारतात. मी त्यांना हळूच विचारलं, "हे तुमच्यातले का?"

"छे हो! ते पट्टुनूलकारर. विणणारे. आम्ही रायर."

'आम्ही रायर' म्हणताना मामींची मान किंचित वर झाली. रायर म्हणजे राव. कुंभकोणम-तंजावर भागात आपल्या देशस्थांना तमिळ माणूस याच नावानं ओळखतो. मामींच्या स्वरात तुच्छता नव्हती, पण अंतर होतं. आणि मला मोठी गंमत वाटली. दोघंही उत्तरेकडून आलेले. दोघांचीही घरातली भाषा गल्लीतल्या भाषेहून वेगळी. दोघांनीही कावेरीचं पाणी पिढ्यान् पिढ्या प्यायलेलं. एकाच्या हातात दौत-लेखणी, दुसऱ्याच्या हातात धोटा. मग कोण पुढे गेलं?

हा प्रश्न मला सुचला, कारण अमेरिकेतल्या पुतण्यानं तो डोक्यात भरवला होता. तिथं म्हणे बाहेरून आलेल्या प्रत्येक समाजाचं शिक्षण, उत्पन्न, घर, नोकरी यांचे तक्ते मांडतात. बहामा बेटांवरून आलेले कुठं, मंगोलियातून आलेले कुठं, सगळं एका रांगेत! आता बहामाचे लोक एकोणिसाव्या शतकापासून फ्लोरिडात येऊन राबत आले. मायामी शहर उभारणाऱ्यांत त्यांचे हात आहेत. मंगोलियाची माणसं मुख्यतः १९९०नंतर, तिथली जुनी राजवट कोसळल्यावर आली. दोघांना एका तराजूत घालून कोण भारी ते बघायचं, म्हणजे सासूच्या आणि सुनेच्या पहिल्या पगाराची तुलना करण्यासारखं! पण प्रश्न वाईट नाही. मी तो तिरुभुवनम्‌च्या दुकानात बसून आपल्या माणसांना लावून पाहिला.

आधी आपली माणसं. शिवाजी महाराजांचे सावत्र भाऊ व्यंकोजी ऊर्फ एकोजी विजापूरच्या फौजेबरोबर खाली उतरले आणि १६७५-७६च्या सुमारास तंजावर त्यांच्या हाती आलं. राज्य आलं म्हणजे नुसते राजे येत नाहीत. मागोमाग कारकून येतात, फडणीस येतात, कीर्तनकार, पुरोहित, स्वार, शिलेदार आणि या सगळ्यांचे कपडे शिवणारे शिंपीही येतात. मोडीत दप्तर लिहिलं जाऊ लागलं. दुसऱ्या सरफोजीराजांनी बृहदीश्वराच्या भिंतीवर १८०३ साली भोसले घराण्याचा इतिहास मराठीत कोरून घेतला. आपण सहलीला जातो, त्या भिंतीपुढं उभं राहून फोटो काढतो आणि छाती फुगवून परत येतो. तिरुभुवनम्‌च्या अगदी शेजारी तिरुविडैमरुदूर आहे. गादीवरून दूर व्हावं लागल्यावर सरफोजींचे चुलते अमरसिंह इथंच येऊन राहिले होते. म्हणजे या रस्त्यावर मराठी राजाची पावलंही उमटली आहेत.

मग १८५५ साल उजाडलं. दुसरे शिवाजीराजे पुत्राविना वारले आणि कंपनी सरकारनं राज्य खालसा केलं. राणी कामाक्षीबाईंनी दावा लावला. तो थेट लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेला. १८५९ साली निकाल लागला: हे राजसत्तेचं कृत्य आहे, न्यायालयाला त्यात हात घालता येत नाही. झालं! ज्या झाडावर मराठी समाज बसला होता, ते झाडच गेलं.

पण लेखणीवाला पडला नाही, हेही खरं. त्याच्या जवळ लिहिण्याची, हिशेबाची, चार भाषांत पत्रव्यवहार करण्याची कला होती. ती त्यानं उचलून इंग्रजीत नेली. कुंभकोणमच्या मातीतून निघालेली नावं पाहा. १८२८ साली इथं जन्मलेले टी. माधवराव आधी त्रावणकोरचे, मग इंदूरचे आणि १८७५पासून बडोद्याचे दिवाण झाले. सयाजीराव गायकवाड अज्ञान असताना बडोद्याचा कारभार या कुंभकोणमच्या मराठी माणसानं हाकला. त्यांचे चुलतभाऊ आर. रघुनाथराव इंदूरचे दिवाण झाले, विधवाविवाहाच्या बाजूनं धर्मशास्त्राचे आधार काढून भांडले आणि १८८७ साली न्यायमूर्ती रानड्यांबरोबर सामाजिक परिषदेच्या उभारणीत उभे राहिले. कुंभकोणमच्या सरकारी कॉलेजात टी. गोपाळराव यांचा प्राध्यापक म्हणून दबदबा होता. एवढ्याशा समाजातून इतके दिवाण! तक्ता मांडणाऱ्यानं इथंच पेन खाली ठेवून निकाल दिला असता: मराठी समाज पुढे, विणकर मागे.

थांबा, घाई नको. आता दुसऱ्या घराकडे वळू.

मंदसोरला एक शिलालेख आहे. पाचव्या शतकातला. लाट देशातून, म्हणजे दक्षिण गुजरातेतल्या सुरत-भडोचकडच्या मुलखातून, रेशीम विणणाऱ्यांची एक श्रेणी दशपुरात, म्हणजे आजच्या मंदसोरला येऊन राहिली आणि इ.स. ४३७ साली तिनं सूर्याचं देऊळ बांधलं, असं त्यात कोरलं आहे. तमिळनाडूतले सौराष्ट्र विणकर स्वतःला याच लोकांचे वंशज मानतात. मधल्या हजार वर्षांचा धागा सलग हाती लागत नाही. पण त्यांच्या परंपरेत देवगिरीचा मुक्काम सांगतात, मग विजयनगर, आणि विजयनगर मोडल्यावर मदुराई-तंजावरच्या नायकांचा आश्रय. गुजराती, मराठी, तेलुगू, तमिळ अशा साऱ्या मुक्कामांचे रंग त्यांच्या बोलीला लागले आहेत. माझे कान उगाच टवकारले नव्हते!

या लोकांना इथं कुणी इनाम दिलं नाही की दिवाणगिरी. जानव्यासाठीसुद्धा झगडावं लागलं. अठराव्या शतकाच्या उंबरठ्यावर मदुराईत त्यांच्या उपाकर्माला हरकत घेतली गेली, तेव्हा राणी मंगम्मानं पंडितांचा निर्णय घेऊन त्यांना मुभा दिली. त्यांची भिस्त एकाच गोष्टीवर होती, ती म्हणजे माग. आणि माग एकट्यानं चालत नाही, हे नीट लक्षात घ्या. बायको कांडी भरते, म्हातारा सूत निरखतो, ताणा लांबवायला अख्खी गल्ली लागते. कारकुनाची बदली होते, तो उठून जातो. मागाची बदली होत नाही. तो जमिनीत रुतलेला, खड्ड्यात पाय सोडून बसायचा. म्हणून विणकर गल्लीत राहिला. गल्लीत राहिला म्हणून गल्लीतली भाषा राहिली. २०११च्या जनगणनेत सौराष्ट्री मातृभाषा सांगणारे जवळपास अडीच लाख निघाले; २००१मध्ये ते दोन लाखांच्याही आत होते. राजाश्रय नाही, राज्य नाही, तरी!

१९५५ साली तिरुभुवनम्‌मध्ये रेशीम विणकरांची सहकारी संस्था उभी राहिली. तंजावरचं राज्य गेल्याला तेव्हा बरोबर शंभर वर्षं झाली होती. संस्था सूत देते, जर देते, तयार साडी घेते, मजुरी चुकवते. सावकाराच्या दारात उभं राहण्यापेक्षा संस्थेच्या दारात उभं राहणं बरं, एवढं तरी झालं. आणि ही जर कुठली म्हणाल, तर वर्षानुवर्षं सुरतेची! म्हणजे पूर्वज जो मुलूख सोडून आले, तिथूनच सोन्याचा धागा त्यांच्या मागावर येत राहिला. इकडे कुंभकोणमचा मराठी माणूस गुजरातेत बडोद्याचा कारभार बघायला गेला. कोण कुठून आलं आणि कोण कुठं गेलं, काही विचारू नका.

विणकर म्हणजे नुसते राबणारे हात, असंही समजू नका. त्यागराजांच्या कृती आज आपल्या कानांवर येतात, त्या जपणाऱ्यांत वालाजापेटचे वेंकटरमण भागवतर हे त्यांचे शिष्य होते. ते याच समाजातले, तंजावरजवळच्या अय्यमपेट्टैचे. तमिळ सिनेमाचा आवाज टी. एम. सौंदरराजन याच समाजातले. आणि कुंभकोणमचेच एम. व्ही. वेंकटराम. रेशमाच्या धंद्यातला हा माणूस तमिळ कथा-कादंबऱ्या लिहीत राहिला. १९९३ साली त्यांच्या 'कादुगळ' कादंबरीला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. त्यांची 'वेळ्वित्ती' ही दुसरी कादंबरी विणकरांच्याच जगण्यावर आहे. समाजातल्या माणसानंच समाजाचं दुखणं लिहिलं, हे मला दिवाणगिरीहून कमी वाटत नाही.

दुखणं आहेच. साडीवर लागलेली किंमत आणि विणणाऱ्याच्या हाती पडणारी मजुरी यांत दोन गावांचं अंतर असतं. २०१९-२०च्या देशभरच्या हातमाग गणनेत दर तीन विणकर कुटुंबांपैकी जवळपास दोघांचं महिन्याचं उत्पन्न पाच हजार रुपयांच्या आत निघालं. दुकानाचा मालक सौराष्ट्र आणि मजुरीवर विणणाराही सौराष्ट्र. तक्त्यात दोघांची बेरीज होऊन दोघांचं भागिलं जातं आणि जो आकडा निघतो, तो दोघांपैकी कुणाचाच नसतो!

हीच गोष्ट आपल्या घरात. दिवाण झाले ते कोण? दप्तरातले. तंजावरला आलेल्या स्वाराचा, शिंप्याचा पणतू कुठं आहे? तमिळनाडू सरकारची मागासवर्गीयांची यादी काढून पाहा. तीत सौराष्ट्र आहेत, आणि त्याच यादीत ब्राह्मणेतर मराठेही आहेत, नामदेव शिंप्यांसह! म्हणजे ज्यांना आपण 'तंजावरचे मराठी' म्हणून एका दमात अभिमानानं मोजतो, त्यांतले काही सरकारी हिशेबात मामींच्या रांगेत नाहीत, पट्टुनूलकारांच्या रांगेत आहेत. समाज पुढे गेला, असं आपण म्हणतो तेव्हा बहुतेक वेळा त्या समाजातलं एकच घर पुढे गेलेलं असतं. उरलेल्यांना त्याचा फोटो मिळतो.

सोलापूरच्या वाचकांना हे सांगायला नको. तेलंगणातून आलेल्या पद्मशाली विणकरांचं शहर ते. मागवाला, कारखानदार आणि विडी वळणारी बाई एकाच जातीची, पण तिघांच्या दारापुढची रांगोळी सारखी नसते.

दुकानातून आम्ही मामींकडे गेलो. कॉफी झाल्यावर त्यांनी माळ्यावरची एक पत्र्याची पेटी काढून दाखवली. आजेसासऱ्यांचे कागद. पिवळे पडलेले, मोडी. "काय लिहिलंय हो यात?" मामींनी मलाच विचारलं. मी पुण्याहून आले म्हणजे मला मोडी येत असणारच, हा त्यांचा विश्वास! मला एक अक्षर लागलं नाही. तंजावरच्या सरस्वती महालात मोडी कागदांचे असे ढीग आहेत आणि वाचणारी माणसं मोजकी. मामींचा एक मुलगा चेन्नईला, एक बंगळूरला. नातवंडांशी त्या मराठी बोलतात, नातवंडं इंग्रजीत उत्तर देतात. ज्या लेखणीनं घर वर नेलं, तिनंच ते विखुरलं. याचा हिशेब कुठल्या रकान्यात धरायचा?

दुकानदारालाही मी निघताना विचारलं होतं, "मुलगा मागावर बसतो का?" तो हसला. मुलगा इंजिनीअर झालाय, मुलगी बँकेच्या परीक्षेला बसलीय. "माझ्या वडिलांनी मला बसवलं. मी त्याला नाही बसवलं." हे सांगताना त्याचा चेहरा आनंदी होता की नाही, ते मला अजून ठरवता आलेलं नाही. बोलता बोलता तो साडीची घडी घालत होता, पंख्यासारखी, एकेक निरी बोटांनी दाबत.

मंदसोरच्या त्या शिलालेखात एक मजकूर आहे. श्रेणी दशपुराला येऊन राहिल्यावर तिच्यातले काही जण धनुर्विद्येत रमले, काहींना कथा सांगण्याचा नाद लागला, काही धर्मचर्चेत गुंतले, काही ज्योतिष शिकले, आणि काही आपलं रेशीमच विणत राहिले. त्या वेळीही घराघरात हेच बोलणं झालं असणार. पोरगा धनुष्य घेऊन निघाला, तेव्हा मागावर बसलेल्या बापानं काय म्हटलं, ते तेवढं कोरलेलं नाही.

साडी मी घेतली. भाचीला रंग आवडला. घडी मात्र तिनं आपल्या पद्धतीनं घातली.