पांढरा कोळसा: धूर नाही म्हणजे धोका नाही?

लाकडाचा भुसा प्रचंड दाबाखाली दाबून केलेल्या विटा किंवा कांड्या म्हणजे ब्रिकेट. बाजारात यालाच 'पांढरा कोळसा' म्हणतात (रंग तपकिरीच असतो, ते असो). मूळचं हे बॉयलरचं जळण. आता ते घरच्या चुलीत आणि बंबातही येतंय. "याला धूर नाही, मग त्रास नाही ना डॉक्टर?" हा प्रश्न मला वारंवार विचारला जातो.

त्रास आहे. आणि 'धूररहित' असं सांगून ते घरगुती वापरासाठी विकणं मला चुकीचंच वाटतं.

विक्रेत्यांचं अर्धं म्हणणं खरं आहे. ओल्या लाकडात निम्म्यापर्यंत पाणी असू शकतं, चांगल्या ब्रिकेटमध्ये साधारण दहा टक्के. त्यामुळे ती नीट पेटते, डोळे कमी चुरचुरतात. पण डोळ्यांना झोंबत नाही ते फुप्फुसाला चालतं, असं थोडंच आहे? पीएम २.५ हे कण दिसत नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये त्यांची वार्षिक सरासरी मर्यादा घनमीटरला ५ मायक्रोग्रॅम ठरवली. साध्या चुलीत काहीही जाळा, स्वयंपाकघरात ती पाळली जाणं अशक्यच.

त्याहून वाईट कार्बन मोनॉक्साइड. ब्रिकेट घट्ट असते, म्हणून ज्वाळा विझल्यावरही तिचे निखारे बराच वेळ धगधगतात. धूर दिसत नाही, 'आता छान पेटलंय' असं आपण म्हणतो, आणि नेमका याच वेळी हा वायू भरपूर बाहेर पडतो. त्याला रंग नाही, वास नाही. हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशेपटींहून अधिक घट्ट चिकटतो. बंद न्हाणीघरातला बंब किंवा थंडीत खोलीत आणून ठेवलेली शेगडी जीव घेऊ शकते. घरात गर्भवती असेल तर पोटातल्या बाळालाही धोका.

भुसा कुठला, हेही विचारा. प्लायवूड किंवा एमडीएफचा असेल तर त्यात फॉर्माल्डिहाइडयुक्त डिंक असतो. तो घरात जाळूच नका, स्वस्त मिळाला तरी.

गॅस परवडत नाही म्हणून जळण वापरणाऱ्यांना मी दोष देत नाही. सिलिंडर भरणं अनेक घरांना जड जातं. पण मग बंब अंगणात ठेवा. चुलीला छपराच्या वर जाणारं धुराडं हवं, समोरासमोर हवा खेळती हवी. ब्रिकेटचे तुकडे करून थोडे थोडे घाला. चूल ठासून भरली की हवा कोंडते आणि विषारी वायू वाढतो.

आंघोळीला गेल्यावर डोकं दुखलं, मळमळलं, गरगरलं, तर लगेच मोकळ्या हवेत या आणि दवाखाना गाठा. बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरवर ९८ दिसलं म्हणून घरी थांबू नका; साध्या ऑक्सिमीटरला हा वायू आणि प्राणवायू यातला फरक कळत नाही. "बंब पेटवला होता" हे डॉक्टरांना आधी सांगा, म्हणजे ते रक्ताची योग्य तपासणी करतील.